सुट्टीतला मोबाईल: तास मोजण्याआधी दिवसाला खुंट्या ठोका

शाळा सुरू असते तेव्हा मुलांच्या मोबाईलला आळा घालायचं निम्मं काम शाळाच करत असते. सहा-सात तास तिथेच जातात, सकाळी लवकर उठायचं म्हणून रात्री वेळेवर झोपावं लागतं, घरी आल्यावर गृहपाठ असतो. सुट्टी लागली की हे सगळं एका दिवसात गळून पडतं आणि रिकाम्या झालेल्या जागेत जे हाताशी असेल ते शिरतं. बहुतेक घरांत ते मोबाईल किंवा टीव्ही असतं. म्हणून 'सुट्टीत दिवसाला एकच तास' हा पहिल्या दिवशी काढलेला फतवा आठवडाभरही टिकत नाही. उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे त्या फतव्यात कुठेच नसतं.

एक साधा हिशेब मांडा. नऊ वर्षांचं मूल धरू. २४ तासांतले १० झोपेचे. अंघोळ, जेवणं, आवराआवर यांत ३ जातात. बाहेर खेळायला २. घरातलं एखादं काम आणि वाचन मिळून १. उरले ८ तास. यातले दोन तास स्क्रीनला दिले तरी सहा उरतातच. खरा प्रश्न या सहा तासांचा आहे. ते मोकळे, बेवारस पडले की दोनाचे पाच कधी होतात ते कळत नाही.

तासांचा आकडा मात्र सगळे विचारतात, म्हणून तोही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका चांगला, असं म्हटलं आहे. त्यापुढच्या वयासाठी सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१६ मध्ये मोठ्या मुलांसाठी ठरावीक तासांचा आग्रह सोडला आणि झोप, हालचाल, अभ्यास, माणसं यांना धक्का लागत नाही ना ते बघा, असं सांगितलं. माझं मत विचाराल तर सुट्टीत ६ ते १० वर्षांना दीड ते दोन तास, ११ ते १४ ला दोन ते अडीच, इथून सुरुवात करावी आणि दोन आठवड्यांनी घरातलं वातावरण बघून बदल करावा.

खुंट्या कोणत्या

संपूर्ण दिवसाचं वेळापत्रक करू नका. तासातासाचा रंगीत तक्ता भिंतीवर फार छान दिसतो, पण एक दिवस पाहुणे आले की मोडतो आणि मोडला की कायमचा मोडतो. दिवसातल्या चार ठरावीक वेळा तेवढ्या पक्क्या ठेवा, याच त्या खुंट्या. मधलं सगळं सैल सोडा.

पहिली खुंटी उठण्याची. शाळेच्या दिवसांपेक्षा फार तर एक तास उशीर. सगळ्यात जास्त सवलत इथेच दिली जाते आणि सगळं इथूनच बिघडतं. दहाला उठलेल्या मुलाला रात्री दहाला झोप येणं शक्यच नसतं. ते साडेबाराला झोपतं, आणि दहा ते साडेबारा हा घर शांत झाल्यानंतरचा वेळ मोबाईलचाच असतो. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ आणि किशोरवयात ८ ते १० तास झोप लागते. सुट्टीत ही झोप भरून निघते असा समज आहे, पण ती नुसतीच पुढे सरकत असेल तर हाती काही लागत नाही.

दुसरी खुंटी घराबाहेर पडण्याची, शक्यतो स्क्रीनच्या आधी. ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना सांगतात. धावणं, सायकल, दोरीवरच्या उड्या, पकडापकडी, काहीही चालेल.

बाहेर पडण्याचं दुसरंही एक मोठं कारण आहे, ते म्हणजे डोळे. घरात दिवा लावून जो उजेड असतो तो काहीशे लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं एकक). बाहेर सावलीतसुद्धा तो हजारांत जातो आणि भर उन्हात ५० हजारांच्या वर. तेजस्वी उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि त्यामुळे डोळ्याची पुढून मागची लांबी वाढण्याचा वेग मंदावतो, असं मानलं जातं. लांबी गरजेपेक्षा जास्त वाढणं म्हणजेच लहान वयातला उणे नंबर. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर काढून बघितलं. २०१५ मध्ये निकाल आला. तीन वर्षांत चष्म्याचा उणे नंबर लागलेल्यांचं प्रमाण बाहेर जाणाऱ्या गटात ३०.४ टक्के होतं, तर नेहमीच्या गटात ३९.५ टक्के. त्या ४० मिनिटांत मुलांनी खेळलंच पाहिजे असंही नाही. झाडाखाली बसून चित्र काढलं तरी डोळ्यांना उजेड मिळतोच. ऊन कडक असेल तर सकाळ-संध्याकाळ असे दोन तुकडे करा.

तिसरी खुंटी जेवणाची. ताटाजवळ कुणाचाही मोबाईल नाही, मोठ्यांचाही नाही. यावर जास्त लिहायची गरज नाही, पण मोठ्यांनी हा नियम मोडला की मुलांसाठी तो त्याच दिवशी संपतो.

चौथी खुंटी रात्रीची. झोपण्याच्या एक तास आधी सगळी उपकरणं एका ठिकाणी चार्जिंगला. जागा झोपायच्या खोलीबाहेरची हवी. 'पण मला गजर लावायचा असतो' हे उत्तर येणार, म्हणून एक साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा.

या चार खुंट्यांच्या मध्ये स्क्रीनची जागा ठरवा. सकाळी उठल्याउठल्या नको, कारण सर्वांत चटकदार गोष्ट आधी झाली की त्यानंतरचं पुस्तक, चित्रं, खेळ सगळंच मुलाला अळणी वाटतं. आणि अजून एक गोष्ट मोकळेपणाने सांगावीशी वाटते. स्क्रीनची वेळ तुमच्या सोयीने ठरवण्यात काहीही चूक नाही. दुपारी तीन ते साडेचार या वेळात तुमची महत्त्वाची मीटिंग असते, किंवा स्वयंपाकाच्या वेळी कुणी पायात येऊ नये असं वाटतं, तर स्क्रीन तिथेच ठेवा. रोज त्याच वेळी मिळते हे पक्कं असलं की उरलेल्या दिवसातली 'आता देऊ का? आता?' ही भुणभुण खूप कमी होते. मागेल तेव्हा थोडं थोडं देणं हा सगळ्यात वाईट मार्ग. त्यात मूल एवढंच शिकतं की पुरेशा वेळा मागितलं की मिळतं.

बंद करायची वेळ

भांडणं मोबाईल देताना होत नाहीत, काढून घेताना होतात. म्हणून सगळ्यात जास्त विचार या पाच मिनिटांचा करायला हवा.

'पाच मिनिटं राहिली' ही सूचना घड्याळाकडे बघून दिली जाते, पण मुलाच्या डोक्यात त्या वेळी घड्याळ नसतं. ते एका सामन्याच्या मध्यात असतं. काही ऑनलाइन खेळांत एक डाव २० ते २५ मिनिटांचा असतो आणि मध्येच बाहेर पडलं की सोबतचे खेळाडू अडकतात, गुण कापले जातात. अशा मुलाला पाच मिनिटांची सूचना देणं म्हणजे डाव हरायला सांगणं. तेव्हा सूचना डाव सुरू होण्याआधी द्या. 'साडेचारला बंद करायचंय. चार वाजून पाच मिनिटांनंतर नवा डाव सुरू करायचा नाही.' डावाला किती वेळ लागतो हे मुलालाच विचारा, त्याला ते नेमकं माहीत असतं. कार्टून किंवा मालिका असेल तर तासाऐवजी भाग मोजा. २२ मिनिटांचे दोन भाग, बस. आणि पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. यूट्यूबवर व्हिडिओच्या चौकटीतच ऑटोप्लेचं बटण असतं. भाग संपला आणि पडदा स्थिर झाला की मूल स्वतःहून मान वर करतं. तो क्षण आपल्याला हवा आहे.

रील आणि शॉर्ट्सना मात्र असा शेवटच नसतो. एक संपायच्या आत दुसरं समोर येतं, त्यामुळे 'हे संपलं की ठेव' म्हणायला जागा उरत नाही. लहान मुलांसाठी हा प्रकार पूर्ण बंद ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. दीड तास चित्रपट बघितलेलं मूल आणि दीड तास रील बघितलेलं मूल यांचा त्यानंतरचा तास शेजारी ठेवून बघा, वेगळं काही सांगावं लागणार नाही.

शेवटची दोन-तीन मिनिटं जवळ जाऊन बसा. स्वयंपाकघरातून हाक मारू नका. शेजारी बसून पडद्याकडे बघा आणि विचारा, 'हा निळा कोण? तुझ्या बाजूचा का?' सुरुवातीला नजर न काढता एका शब्दात उत्तर येतं. मग दुसऱ्या प्रश्नाला थोडं लांब. तिसऱ्याला ते मूल तुमच्याकडे बघून हातवारे करत समजावून सांगायला लागतं. आता ते खोलीत परत आलंय. आता बंद करायला सांगा, आणि बंद करायचं बटण त्यालाच दाबू द्या, मोबाईल जागेवर त्यालाच नेऊन ठेवू द्या. हातातून ओढून घेतलेल्या मोबाईलचा राग तासभर टिकतो.

बंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चिडचिड होणारच. शरीर इतका वेळ एका जागी अवघडलेलं असतं, डोळे थकलेले असतात, पाणीसुद्धा प्यायलेलं नसतं. या वेळात उपदेश नको आणि अभ्यासाचं पुस्तक तर मुळीच नको. पाणी द्या आणि शरीर हलेल असं काहीतरी सांगा: झाडांना पाणी घालणं, कपडे दोरीवरून काढणं, खाली जाऊन काहीतरी घेऊन येणं.

कुलपं आणि त्यांच्या फटी

अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक आहे, आयफोन-आयपॅडवर सेटिंगमध्येच स्क्रीन टाइम आहे. दोन्हींत रोजची मर्यादा, रात्री बंद राहण्याची वेळ आणि प्रत्येक ॲपसाठी वेगळी मर्यादा लावता येते. लावा, पण त्यातून पाणी कुठून गळतं तेही माहीत असू द्या. ॲपवर मर्यादा लावली तरी तोच व्हिडिओ ब्राउझरमध्ये दिसतो, म्हणून ब्राउझरलाही मर्यादा हवी. आयफोनवर मर्यादेशेजारचा 'मर्यादा संपल्यावर अडवा' हा पर्याय सुरू केला नाही, तर ती टाळून पुढे जाता येतं. उपकरणाची तारीख-वेळ बदलून बघणं ही मुलांची जुनी युक्ती आहे, तेव्हा वेळ आपोआप जुळण्याची सोय सुरू ठेवून ती बदलण्यावर कुलूप लावा. कपाटातला जुना फोन वाय-फायवर सहज चालतो. आणि तुमचा पासकोड मुलांनी मागून बघितलेला असतो, हे गृहीतच धरा. कुलूप लावलंय हे मुलाला सांगूनच लावा. चोरून लावलेलं कुलूप सापडलं की पुढे सगळा लपंडाव सुरू होतो.

सहा तासांचं काय

'कंटाळा आला' हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येईल. त्यावर लगेच उपाय देऊ नका. साधारण वीस मिनिटं मूल लोळतं, फिरतं, कुरकुरतं आणि मग काहीतरी उचलतं. पण उचलायला समोर काहीतरी असायला हवं. ही अट बरेच जण विसरतात. रंग कपाटात वरच्या कप्प्यात, कात्री शिवणाच्या डब्यात, कागद कुठे ते माहीत नाही, आणि मोबाईल मात्र सोफ्यावर. असं असेल तर मोबाईलच जिंकणार. मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर एक खोकं ठेवा: पुठ्ठे, जुनी वर्तमानपत्रं, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, सुतळी, खडू, पत्ते, एक भिंग, मोजपट्टी. एका वेळी पाच-सहाच वस्तू बाहेर, बाकीच्या आत, आणि दर आठवड्याला अदलाबदल. सगळं एकदम मांडलं तर दोन दिवसांत शिळं होतं.

सुट्टीच्या दिवसाला छान बांधून ठेवणारी एक गोष्ट म्हणजे सावलीचं घड्याळ. एक मीटर लांबीची सरळ, बारीक काठी सपाट जागी उभी करा. जमीन नसेल तर गच्चीत, माती भरलेल्या बादलीत. काठी खरंच उभी आहे का ते दोऱ्याला दगड बांधून, तो काठीशेजारी धरून तपासा. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची, शेजारी वेळ लिहायची आणि लांबी मोजून वहीत नोंदवायची. एकूण १३ खुणा. चुकतं ते दोन ठिकाणी. दुपारपर्यंत काठी कलते, म्हणून दर वेळी दोरा धरून बघायचा. आणि सावलीचं टोक कडेला पुसट असतं, त्यामुळे गडद भाग जिथे संपतो तिथेच खूण करायची, नाहीतर प्रत्येक वेळी वेगळंच मोजलं जातं. सर्वांत आखूड सावली बरोबर बाराला येत नाही, हे मुलाच्या स्वतःच्याच वहीत दिसतं आणि 'असं का?' हा प्रश्न त्याच्याच तोंडून येतो. घड्याळातली वेळ संपूर्ण प्रदेशाला एकच असते, सूर्य मात्र प्रत्येक गावाच्या माथ्यावर आपापल्या वेळी येतो. त्यात वर्षभरात सूर्य घड्याळापेक्षा काही मिनिटं मागे-पुढे होत राहतो. हे काम दर अर्ध्या तासाला दोनच मिनिटांचं आहे, पण त्यामुळे मूल दिवसातून तेरा वेळा उन्हात जातं आणि मधल्या वेळात फार दूर भरकटत नाही. सूर्याकडे थेट बघायचं नाही, एवढं मात्र आधीच बजावा.

मोबाईलच वापरायचा असेल तर त्याने काहीतरी बनवता येतं. मातीच्या बाहुल्या किंवा ठोकळे थोडे थोडे सरकवत एकेक फोटो काढून ॲनिमेशन करणं हा आठ वर्षांपुढच्या मुलांना झेपणारा उद्योग आहे. सेकंदाला १२ फोटो धरा, म्हणजे १० सेकंदांच्या फिल्मला १२० फोटो. दर फोटोला ठोकळा अर्धा सेंटिमीटरच सरकवायचा. पहिल्या प्रयत्नात मुलं दोन-तीन सेंटिमीटर सरकवतात आणि फिल्ममध्ये ठोकळा उड्या मारताना दिसतो. मोबाईल दोन जड पुस्तकांमध्ये घट्ट उभा करा आणि फोटो तीन सेकंदांच्या टायमरने काढा, कारण बटण दाबताना तो हलतो. पडदे लावून दिव्याच्या उजेडात काम करा. खिडकीतल्या उजेडावर ढग आला की फिल्म लुकलुकते. पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि प्रकाश स्थिर राहतो, तेही करा. एक अख्खी दुपार जाते आणि हाती दहा सेकंद लागतात. असा वेळ मी स्क्रीनच्या हिशेबात धरत नाही.

किशोरवयीन मुलांसाठी वेगळा विचार लागतो. त्यांची मैत्री फोनमध्येच असते, सुट्टीत तर जास्तच. रोजच्या मिनिटांवर घासाघीस करण्यापेक्षा आठवड्याचे एकूण तास ठरवा आणि वाटणी त्यांच्यावर सोपवा. रात्रीची खुंटी तेवढी सोडू नका. भांडी घासली नाहीत म्हणून फोन काढून घेणं, असल्या संबंध नसलेल्या शिक्षा टाळा. त्याने लपवाछपवी वाढते, आणि ऑनलाइन कुणी त्रास दिला तर फोन जाईल या भीतीने मूल तुम्हाला सांगतच नाही.

प्रवास, आजारपण, सतत पावसाचा दिवस, अशा वेळी पाच तास बघितलं गेलं तरी घाबरू नका. दुसऱ्या दिवशी उठण्याच्या खुंटीपासून पुन्हा सुरू करा, आदल्या दिवसाची वजाबाकी करू नका. काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टींची: झोप सतत मोडते, पूर्वी आवडणारे खेळ आणि मित्र तुटलेत, किती वेळ बघितलं याबद्दल रोज खोटं बोललं जातंय, बंद केल्यावर अंगावर येणं आठवड्यांनंतरही कमी होत नाही. असं असेल तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

सुट्टीचे शेवटचे दहा दिवस झोपेसाठी राखून ठेवा. उठण्याची वेळ दोन तास मागे आणायची असेल तर रोज १५ मिनिटं, म्हणजे आठ दिवस लागतात आणि दोन दिवस हाताशी उरतात. शरीराचं घड्याळ पुढे सहज सरकतं, मागे यायला कुरकुरतं, म्हणून एका रात्रीत ते जमत नाही. आधी उठण्याची वेळ अलीकडे घ्या, झोपण्याची तिच्यामागून येते. उठल्यावर लगेच पंधरा-वीस मिनिटं उजेडात न्या, आणि चार्जिंगची वेळही रोज तेवढीच अलीकडे घेत चला.